व्याख्यान संपले, पुढे काय?

दर वर्षी १ डिसेंबरला आपल्या महाविद्यालयात एड्सविषयी व्याख्यान होते. पाहुण्यांचा नारळ देऊन सत्कार होतो, रेड रिबन क्लबचे विद्यार्थी घोषणा देतात, आभार मानले जातात आणि आपण सारे पांगतो. गेल्या वर्षी मीही टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी आईने विचारले, "दवाखान्याच्या भितीवर ती तांबडी फीत काढलीया, ती कशाची गं?"

माझी आई निरक्षर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. पण तासभर व्याख्यान ऐकून आलेली मी तिच्यापुढे लाजले. "एका रोगाची आहे," एवढेच बोलून विषय मिटवला. पुढे आठच दिवसांनी एका बारशात आमच्या गल्लीतल्या एका मावशींना वेगळ्या कपात चहा मिळाला. त्यांचे यजमान याच रोगाने गेले. तो कप आईनेच बाजूला काढला होता. दोष आईचा की माझा?

मित्रहो, आपल्याकडे बोलणारा एक आणि ऐकणारे शंभर, याला शिक्षण म्हणतात. विचारणाऱ्याला त्यात जागाच नाही. कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी वेगळी वाट धरली. तेथील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच त्यांनी शिक्षिका केले. त्या घरोघर जाऊन बोलू लागल्या, तेव्हा खरी अडचण पुढे आली. निरोध ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक नको म्हणाले तर? डोक्यावर सावकाराचे कर्ज असताना त्याला परत कसे पाठवायचे? म्हणून १९९५ साली 'दुर्बार' ही त्यांची संघटना आणि 'उषा' ही सहकारी पतसंस्था उभी राहिली. आपल्या सांगलीतही 'संग्राम' संस्थेचे काम १९९२ साली सुरू झाले. तेथील स्त्रियांनी स्वतः निरोध वाटले आणि १९९६ साली स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन केली.

कुणी म्हणेल, अडाण्यांच्या हाती शास्त्र दिले तर भलतेच पसरेल. शास्त्र डॉक्टरांकडूनच घ्यावे, यात वाद नाही. हा विषाणू असुरक्षित संबंधातून, दूषित रक्तातून व सुईतून आणि आईकडून बाळाला जातो. चहाच्या कपातून नाही. औषधेही २००४ सालापासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. पण हे कुणी, कोणत्या शब्दांत सांगावे, हे वस्तीलाच अधिक कळते.

शेवटी धीर करून मी आईला सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आन् नवऱ्याला तपासून घे, असं बाईनं कसं म्हनायचं?"

हा प्रश्न व्याख्यानात कुणीच विचारला नव्हता. त्याचे उत्तर माझ्याकडेही नव्हते. आणि मला वाटते, खरे शिक्षण इथूनच सुरू होते.

म्हणून येत्या १ डिसेंबरला व्यासपीठ नको. आपापल्या गल्लीत सतरंजी अंथरू या आणि आधी आयाबायांना बोलू देऊ या. पहिली सतरंजी आमच्या दारात पडेल. मावशींना बोलावणे करायला आई स्वतः जाणार आहे. चहाचे कप सगळ्यांना सारखेच असतील.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला