गोधडीच्या पोटात काय आहे?

दोन महिन्यांच्या नातवाला घेऊन एक आजी मार्च महिन्यात दवाखान्यात आल्या. बाळ सारखे किरकिरत होते, अंग तापले होते, मान आणि पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती. ताप शंभराच्या थोडा वर. ज्यात ते गुंडाळले होते ती दुलई मी आधी बाजूला केली. बारशाला आहेर म्हणून आलेली, गुळगुळीत, ससे आणि चांदण्या छापलेली, हाताला पिसासारखी हलकी. टोपडे काढले, अंगडे सैल केले. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले तर ताप उतरलेला. औषधाचा थेंबही दिला नव्हता. (तीन महिन्यांच्या आतील बाळाचे अंग तापले तर घरी असा प्रयोग करीत बसू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. खरा ताप कोणता आणि पांघरुणाचा कोणता हे घरी ओळखणे सोपे नाही.)

आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दुलई तर किती हलकी आहे! तिचा काय त्रास होणार?"

आपली गफलत होते ती इथेच. पांघरुणाचे वजन आपण हातावर तोलून पाहतो, वरचे कापड पाहतो, रंग पाहतो. आत काय भरले आहे ते कुणी विचारीत नाही. हल्ली आत असतो तो बहुधा पॉलिएस्टरचा फायबर. साधारण दमट हवेत शंभर ग्रॅम कापूस आठ-साडेआठ ग्रॅम पाणी स्वतःत सामावून घेतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. म्हणजे अंगाचा घाम आत मुरत नाही, तो कातडीवर आणि अस्तरावर राहतो. वरचे कापडही गुळगुळीत सिंथेटिक असेल तर मग विचारायलाच नको. लहान मुलांना घामोळ्या येतात, मोठ्या माणसांच्या जांघेत आणि काखेत नायटा बळावतो. मलम लावून बरा झालेला नायटा महिन्याभरात परत घेऊन येणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. त्यांना मी आता अंथरूण-पांघरूण कशाचे आहे हेही विचारतो.

थंड देशात हा फायबर सोयीचा असेल. आपल्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. खरी थंडी डिसेंबर-जानेवारीची, आणि तीही मुख्यतः रात्रीची. आणि गंमत अशी, की आपला जिल्हा कापसाचा! शेतातला कापूस जिनिंगमध्ये जातो आणि आपण बाजारातून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेला फायबर पांघरायला आणतो.

दुलई भरून घ्यायचीच तर गादीवाल्याकडे समोर बसून भरून घ्यावी. एकट्याच्या पांघरुणाला सव्वा ते दीड किलो पिंजलेला कापूस आपल्याकडे पुष्कळ झाला. जयपूरची रजई तर पाव किलो कापसाची म्हणून प्रसिद्ध आहे. तीन-चार किलोची दुलई म्हणजे रात्रभर पायाने लाथाडायची वस्तू. टाके जवळजवळ घालायला सांगावेत, नाहीतर कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो. सातपुड्याकडची मंडळी सावरीच्या कापसाबद्दल विचारतात. तो उशीला उत्तम, पण त्याच्या तंतूवर मेणाचा थर असतो, तो पाणी घेत नाही. पांघरुणात भरायला मी तो सुचवणार नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर आपल्या हवेला सर्वांत चांगली ती साधी गोधडी. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे चार-पाच थर आणि त्यावर धावदोरा. कापूस भरलेला नसल्यामुळे ती गरम पाण्यात सबंध बुडवून धुता येते आणि एका उन्हात वाळते. माझ्या आईने शिवलेली गोधडी मी अजून पांघरतो, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

पण येथेही एक मेख आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत घरोघरी ज्या साड्या साठल्या त्यांत सुती किती? नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्यांची गोधडी दिसायला गोधडीच, पण गुण फायबरच्या दुलईचे. म्हणून शिवायला बसण्यापूर्वी प्रत्येक कापडाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. सिंथेटिक धागा आकसतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी धरतो.

दमेकऱ्यांच्या बाबतीत मात्र मला माझाच शब्द थोडा मागे घ्यावा लागतो. वर्षानुवर्षे न उसवलेली, न धुतलेली कापसाची दुलई म्हणजे धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचे माहेरघर. दमेकऱ्याला तिच्यापेक्षा आठवड्याला धुतले जाणारे फायबरचे पांघरूण परवडले. त्याने पातळ गोधडीच घ्यावी आणि साठ अंशांच्या, म्हणजे हात घालवणार नाही अशा कढत पाण्यात धुवावी. कापसाची दुलई असेलच तर तिला सुती खोळ घालून ती खोळ तशी धुवावी. उन्हाने अंथरूण कोरडे होते हे चांगलेच, पण झटकण्याचे काम दमेकऱ्याने करू नये.

आजींचा शेवटचा प्रश्न होता, बाळाचे हातपाय गार लागतात त्याचे काय? तान्ह्या बाळाचे हातपाय गार असणे पुष्कळदा स्वाभाविक असते. हात लावून पाहायचा तो मानेच्या मागे किंवा छातीला. तिथे घाम लागला की एक कपडा कमी करावा. हिवाळ्यात आपल्यापेक्षा बाळाला एक पदर जास्त लागतो हे खरे, चार नव्हेत. आणि वर्षाच्या आतील बाळ झोपले असता जवळ जाड दुलई, उशी ठेवूच नये. तोंडावर आली तर त्याला ती बाजूला सारता येत नाही.

पुढच्या आठवड्यात आजी लसीसाठी बाळाला घेऊन आल्या तेव्हा घामोळ्या बसल्या होत्या. गोधडीचे विचारले तर हसल्या. ट्रंकेतून सहा साड्या काढल्या, सहांचे धागे जाळले, चारांना मणी धरला. शेवटी आजोबांचे जुने धोतर मधल्या थरांना लावले म्हणे.