गर्दीतली पोटदुखी

जुलै महिन्यातली गोष्ट. एक आई आपल्या आठवीतल्या मुलीला दवाखान्यात घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तक्रार पोटदुखीची. रोज सकाळी पोटात पीळ पडायचा, मळमळायचे आणि शाळा बुडायची. जंताचे औषध देऊन झाले होते. लघवी, रक्त, सोनोग्राफी, सगळे तपासून झाले होते. कशातच काही सापडले नव्हते. भूक बरी होती, वजन घटले नव्हते, रात्री दुखण्याने जाग येत नव्हती.

"रविवारी दुखतं का गं?" मी विचारले. मुलीने नकारार्थी मान हलवली.

"नाटकं करते हो डॉक्टरबाई, शाळा नको असते हिला," आई म्हणाली.

आईला मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले. मग हळूहळू उलगडा झाला. मुलीला शाळा हवीच होती, नको होती ती सकाळची गाडी. "एक काका रोज मागे येऊन उभे राहतात. मी पुढे सरकले की तेही सरकतात," ती खाली बघत म्हणाली. घरी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर उत्तर आले, "सांगितलं तर शाळाच बंद करतील."

वाचकहो, असे दुखणे खोटे नसते. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनॅलिन पाझरते, काळीज धडधडते, आतड्यांची हालचाल बिघडते. रोज ठराविक वेळी तीच भीती समोर येणार हे ठाऊक असले, की घरातून निघण्याआधीच पोट दुखू लागते. मूल नाटक करत नसते. तोंडाने सांगता येत नाही ते त्याचे पोट सांगत असते.

मीही अनेक वर्षे तालुक्याच्या गावी गाडीनेच जाते. त्या दिवसानंतर मी सहप्रवाशांकडे जरा निरखून पाहू लागले. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यावरून आपण हमरीतुमरीवर येतो. पण तीच माणसे गाडी सुटल्यावर किती समंजसपणे वागतात! बाईमाणूस शेजारी उभे असेल तर एखादे आजोबा आपली पिशवी मध्ये धरतात. कुणी खांदा वळवून उभा राहतो, कुणी नजर खिडकीबाहेर ठेवतो. ब्रेक लागून धक्का बसलाच तर "माफ करा हं" म्हणून लगेच सावरतो.

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसामाणसांतील अंतरावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या देशातल्या पाहणीत दीड फुटाच्या आत फक्त अगदी जवळची माणसे चालतात, असे त्याला आढळले. आपल्याकडच्या सकाळच्या गाडीत दीड फूट कुठून आणायचे? तिथे दीड इंचही मिळत नाही. म्हणूनच अंतर शरीराने राखता आले नाही तर ते वागण्याने राखायचे असते. बहुतेक माणसे न शिकवता तसे करतात.

म्हणून "गर्दी आहे, चालायचंच" ही सबब मला मान्य नाही. गर्दीचा धक्का आणि हेतूने केलेला स्पर्श यांतला फरक तेरा वर्षांच्या मुलीला कळतो, तो मोठ्यांना कळत नाही असे कसे म्हणावे?

या मुलीच्या आईने शाळा बंद केली नाही, याबद्दल मी त्या माउलीला हात जोडते. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आईशी बोलून आम्ही ते केले. वर्गशिक्षिकांना सांगितले. वाहकाने मुलींना पुढच्या बाकांवर बसवायला सुरुवात केली. दिवाळीपर्यंत पोटदुखी थांबली.

पालकांनो, सकाळची पोटदुखी सुटीच्या दिवशी गायब होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, पण मुलाला खोटे ठरवू नका. शाळेची वाट, गाडी, सोबत यांविषयी शांतपणे विचारा. आणि "सांगितलंस तरी तुझी शाळा बंद होणार नाही" एवढा शब्द आधी द्या. मदतीसाठी १०९८ आणि ११२ हे क्रमांक मुलांना पाठ करून द्या.

आणि प्रवासी मंडळींनो, एखादी मुलगी अवघडून पुन्हा पुन्हा सरकताना दिसली, तर खिडकीबाहेर पाहू नका. "बाळ, इकडे ये, इथे बस," एवढे म्हणा. खरे तर त्या गाडीत सरकायला हवे होते ते त्या काकांनी. पण त्यांना सरका म्हणायला महिनाभर भरल्या गाडीतले एकही माणूस पुढे झाले नाही, हे मला त्या पोटदुखीपेक्षा मोठे दुखणे वाटते.