सायकलस्वाराचा अर्ज



पदवीच्या अभ्यासक्रमात अर्जलेखनाचा भाग आला, की आपण तो बहुधा परीक्षेपुरता उरकतो. मायना, विषय, 'उपरोक्त विषयास अनुसरून' आणि शेवटी 'आपला विश्वासू' एवढा सांगाडा पाठ केला, की गुण मिळतात. परंतु हा लेखनप्रकार आपल्यापैकी किती जणांनी परीक्षेच्या बाहेर, स्वतःहून, एकदा तरी वापरला आहे? प्रस्तुत लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच : सायकलने ये-जा करणाऱ्या माणसाला रस्त्यावर जे धोके सोसावे लागतात, त्यांची लेखी नोंद स्थानिक प्रशासनाकडे करणे हे आपले नागरिक म्हणून काम आहे; आणि ज्याला चांगले मराठी लिहिता येते, त्याच्यावर ती जबाबदारी अधिक आहे. उदाहरणासाठी मी पालघर जिल्ह्यातील वसई-विरारचा परिसर घेतला आहे. आपण राहता ते गाव दुसरे असले, तरी विचार करताना तेथील रस्ता डोळ्यांसमोर ठेवावा.

वसई-विरार हे एकाच वेळी जुने आणि नवे शहर आहे. पश्चिमेला आगाशी, निर्मळ, भुईगाव, गिरीज अशी वाड्यांची गावे आहेत. तेथील वळणावळणाचे अरुंद रस्ते बैलगाडीच्या काळात आखले गेले आणि आज त्यांवरून बस, टेम्पो आणि रिक्षा धावतात. पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत कारखाने आणि गाळे दाटीने उभे आहेत. या दोन्ही भागांत सायकल आजही दिसते, पण ती हौसेची कमी आणि गरजेची अधिक. पाळी संपवून खोलीवर परतणारा कामगार, सकाळी दूध किंवा पाव पोहोचवणारा, शाळेत जाणारी मुले, बाजाराची पिशवी हँडलला अडकवून निघालेले आजोबा, असे हे सायकलस्वार आहेत. रिक्षाचे रोजचे भाडे वाचले, तर महिन्याच्या हिशेबात फरक पडतो, हे या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही.

आता हाच रस्ता सायकलच्या बैठकीवरून पाहा. मोटारीला चार रुंद चाके आणि स्प्रिंगांचा आधार असतो. खड्ड्यात गेली तर ती हादरते. सायकलचे चाक अरुंद असते, आणि तिचा तोल हीच तिची सगळी सुरक्षितता असते. शिवाय मोठ्या वाहनांच्या भीतीने सायकलस्वार डाव्या कडेला सरकतो, आणि रस्त्याची सगळी दुखणी नेमकी त्या कडेलाच साठलेली असतात. डांबर संपते तेथे साइडपट्टी वीतभर खाली गेलेली असते. चेंबरचे झाकण डांबराच्या पातळीपेक्षा वर किंवा खाली असते. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच बसवल्या असतील, तर दोन पट्ट्यांमधल्या फटीत चाक सरळ उतरते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. जलवाहिनीसाठी किंवा केबलसाठी खणलेला चर मातीने बुजवलेला असतो आणि पहिल्या पावसात खचतो. डंपरमधून सांडलेली बारीक खडी वळणावर पसरलेली असते. रंगाचे पट्टे नसलेला गतिरोधक रात्री दिसतच नाही. मोटारचालकाला यांतल्या बहुतेक गोष्टींची जाणीवही होत नाही. सायकलस्वाराला त्यांतली एकच पुरेशी असते. तो पडतो तेव्हा केवळ खरचटून सुटेलच असे नाही, कारण त्याच्या मागून टेम्पो येत असतो.

पावसाळ्यात हे सगळे पाण्याखाली जाते. वसई हा सखल, खाडीकाठचा प्रदेश. जुलै २०१८ च्या पावसात येथील वसाहती कित्येक तास पाण्यात होत्या आणि रेल्वेसेवाही ठप्प झाली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. इतका मोठा पूर दरवर्षी येत नाही. परंतु घोटाभर पाणी साचायला मोठा पूर लागत नाही, आणि घोटाभर पाण्याखालचा खड्डा कोणालाच दिसत नाही. तो कोठे आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असते, जो काल त्याच रस्त्याने कोरड्यात गेला होता. मला महत्त्वाचे वाटते ते हेच, की रस्त्याचे खरे ज्ञान कार्यालयातील नकाशात नसते. ते रोज त्यावरून जाणाऱ्याच्या मनगटांत आणि पाठीत असते.

मग हे ज्ञान कार्यालयापर्यंत का पोहोचत नाही? याचे एक कारण मला स्पष्ट दिसते. जे रोज सायकल चालवतात, त्यांच्यापैकी अनेकांना अर्ज लिहिण्याचा सराव नाही, वेळ नाही आणि आपले कोणी ऐकेल असा भरवसाही नाही. त्यांत परप्रांतातून आलेले कामगार आहेत, त्यांना मराठी लिहिता येत नाही. याउलट, ज्यांना अर्ज लिहिता येतो, त्यांनी सायकल कधीच सोडली आहे. भोगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशी ही फारकत आहे. मित्रहो, दूरशिक्षणाचे विद्यार्थी म्हणून आपण नेमके या फटीत उभे आहात. आपण दिवसा काम करता, रात्री अभ्यास करता. कष्टाच्या रस्त्याने जाणारी माणसे आपल्या घरात, चाळीत, कारखान्यात आहेत आणि हातात लेखणीही आहे. आपल्याकडे पूर्वी गावात एखादा शिकलेला माणूस सगळ्यांची पत्रे लिहून देत असे. ती परंपरा संपायला नको होती.

दुसरे कारण व्यवस्थेतले आहे. रस्ता कोणाचा, हेच सामान्य माणसाला कळत नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २९ गावे तिच्यात असावीत की नसावीत, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. शहरातले अंतर्गत रस्ते महानगरपालिकेकडे, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर पूर्वेकडून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. चुकीच्या दारावर टाकलेला अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. त्यात भर म्हणजे २०२० मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर अनेक वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. नगरसेवकाच्या घरी जाऊन तोंडी गाऱ्हाणे सांगण्याची वाट त्या काळात बंद होती. ज्यांना लिहिता येत होते त्यांच्यापुरतीच दाद मागण्याची सोय उरली होती, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

लिहिल्याने काय होते, असे आपण विचाराल. याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी शहरातील रस्त्यांच्या दुरवस्थेविषयी मुख्य न्यायमूर्तींना एक पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्राचीच जनहित याचिका केली. त्या याचिकेत २०१५ मध्ये न्यायालयाने म्हटले, की सुस्थितीतील रस्ते मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि नागरिकांना तक्रार नोंदवता यावी व तिचे पुढे काय झाले हे कळावे, अशी यंत्रणा उभी करण्यास महानगरपालिकांना सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी झाल्यास इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, तसेच निदर्शनास आलेला खड्डा ४८ तासांत बुजवावा, असा आदेश दिला. या आदेशातील 'निदर्शनास आलेला' या शब्दांकडे भाषेचे विद्यार्थी म्हणून लक्ष द्या. खड्डा आपोआप निदर्शनास येत नाही. कोणीतरी तो आणावा लागतो. तारीख असलेला, पोच घेतलेला अर्ज हा त्याचा पुरावा असतो. त्यानंतर 'आम्हाला माहीत नव्हते' हे उत्तर कोणालाही देता येत नाही.

सायकलस्वारांनी रस्त्यासाठी लिहिणे ही जगालाही नवी गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये १८७८ साली सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली आणि १८८६ साली सायकलस्वारांनीच रस्तेसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ उभारले. अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघाने चांगल्या रस्त्यांची चळवळ चालवली. तोवर मोटारी रस्त्यावर आल्याच नव्हत्या. आज आपण ज्या रस्त्याला मोटारीचा समजतो, तो गुळगुळीत असावा ही मागणी सायकलवाल्यांनी आधी केली होती.

माझ्या या मतावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की रस्त्यांची पाहणी करणे हे पगारी अभियंत्याचे काम आहे. नागरिकाने ते का करावे? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या बांधणीत किंवा देखभालीत मानके न पाळणाऱ्याला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मग ओझे आपल्यावर का? हा आक्षेप मला तत्त्वतः मान्य आहे. अर्ज लिहिल्याने प्रशासनाचे कर्तव्य आपल्याकडे येत नाही, आणि येऊ देऊही नये. परंतु कर्तव्य चुकले हे सिद्ध करायलाही नोंद लागते. तक्रार म्हणजे मेहेरबानीची याचना नव्हे. आपण केलेल्या पाहणीची ती नोंद असते.

दुसरा आक्षेप असा, की अर्ज करत बसण्यापेक्षा स्वतःच खड्डा बुजवावा. मुंबईतील दादाराव बिल्होरे यांनी २०१५ साली खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात आपला तरुण मुलगा गमावला आणि तेव्हापासून ते स्वतःच्या हातांनी रस्त्यावरचे खड्डे बुजवत आले आहेत. त्यांच्यापुढे कोणाचीही मान खाली जाईल. परंतु एका बापाने घमेले उचलावे लागणे ही त्याची थोरवी जितकी आहे, तितकीच आपल्या सर्वांच्या कारभाराची नामुष्की आहे. हाताने बुजवलेला खड्डा त्या जागेपुरता बुजतो; नोंदवलेला खड्डा कंत्राटदाराच्या दोषदायित्वाच्या मुदतीत मोडतो का, हा प्रश्न विचारता येतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार त्या कामाची कागदपत्रे मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.

आता लेखनाविषयी. येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी गटाराच्या जाळीत सायकलचे चाक अडकून मी पडलो. मनगट पंधरा दिवस बांधून ठेवावे लागले. डाव्या हाताने कागद दाबून मी रागारागाने दोन पाने लिहिली आणि एका कार्यालयात नेऊन दिली. त्यात करदात्यांचा पैसा होता, लोकशाही होती, उपरोध तर भरपूर होता. टेबलामागच्या कारकुनाने ती शांतपणे वाचली आणि विचारले, "पण जागा कोठे लिहिली आहे?" मी जागा लिहिलीच नव्हती. घरी येऊन मी पुन्हा आठ ओळी लिहिल्या. ती जाळी पुढे बदलली गेली, पण मला त्याहून मोलाचे वाटते ते कारकुनाचे वाक्य. व्याकरणाच्या कोणत्याही धड्याने मला वर्णनात्मक लेखन इतक्या थोड्यात शिकवले नाही.

म्हणून अर्ज लिहिताना शब्द मोजून वापरा. 'आमच्या भागात रस्त्यांची अत्यंत दयनीय अवस्था आहे' या वाक्याने कोणताही अभियंता जागेवर पोहोचू शकत नाही. त्याऐवजी असे लिहा : 'स्टेशनकडून बाजाराकडे जाताना, शाळेच्या फाटकापासून सुमारे वीस पावलांवर, डाव्या कडेला, गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर आहेत. दोन पट्ट्यांमध्ये तीन बोटे मावतात. सायकलचे चाक त्यात अडकते. शाळा सुटताना येथून मुले सायकलने जातात. पट्ट्या आडव्या बसवाव्यात.' यात 'दयनीय'सारखे विशेषण एकही नाही. जागा, दोष, धोका आणि उपाय मात्र आहे. रस्त्याचे नाव, जवळची खूण, दिनांक आणि छायाचित्र जोडा. अर्ज प्रभाग समितीच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. रस्ता दुसऱ्या विभागाचा असेल, तर अर्ज तिकडे पाठवून तसे कळवावे, अशी विनंती शेवटी करा. महामार्गावरील धोक्यासाठी १०३३ हा क्रमांक आहे. 'आपले सरकार' या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते; मात्र तेथेही मजकूर आपल्यालाच लिहावा लागतो. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठीचा वापर बंधनकारक करणारा कायदा राज्याने २०२२ साली केला आहे. आपण मराठीत लिहाल, तर उत्तर मराठीत मागण्याचा हक्क आपल्याला आहे. तो वापरला नाही, तर तो कायदा कागदावरच राहील.

एका अर्जाने सगळे रस्ते सुधारतील, असे मी म्हणत नाही. काही अर्जांना उत्तर येणार नाही. तेव्हा स्मरणपत्र लिहावे लागेल आणि त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक द्यावा लागेल. हे कंटाळवाणे काम आहे. परंतु पाळी संपवून रात्री अकरा वाजता अंधारात सायकल हाकणाऱ्या माणसाच्या बाजूने सरकारदरबारी कोणी एक ओळही लिहिलेली नसते, हे आपण विसरू नये.

या घटकाचा स्वाध्याय करताना पुस्तकातला नमुना उतरवून काढू नका. उद्या कामावर जाताना आपल्या रस्त्यावरचा एक धोका पाहून ठेवा. सायकलने जाणारा कोणी ओळखीचा असेल, तर त्याला विचारा. तो आपल्याला पाच जागा दाखवील. त्यांतल्या एकीविषयी आठ ओळी लिहा, आणि एक प्रत स्वाध्यायासाठी ठेवून दुसरी प्रभाग कार्यालयात द्या.