भंगारातील कॅमेरा आणि दुरुस्तीचा हक्क

वस्तू बिघडली की उघडून पाहायची, हा मध्यमवर्गीय घरांचा जुना रिवाज. शिवणयंत्र, रेडिओ, मिक्सर यांनी तो जोपासला. डिजिटल कॅमेऱ्यापाशी मात्र आपला हात थबकतो. ‘दुरुस्तीपेक्षा नवाच घ्या’ हे सेवाकेंद्रातले उत्तर आपण निमूटपणे ऐकतो आणि एका भागापायी सारे यंत्र कपाटात पडून राहते.

वस्तुतः कॅमेरा संपूर्ण निकामी क्वचितच होतो. एकाचा पडदा फुटतो; दुसऱ्याच्या लेन्समध्ये वाळूचा कण शिरून दाते अडकतात. एकाच मॉडेलचे असे दोन कॅमेरे जुन्या बाजारात वा आप्तांच्या कपाटात सापडले, तर त्यांतून एक चालता कॅमेरा घरच्या टेबलावर उभा राहू शकतो.

काम नाजूक आहे, अशक्य नाही. प्रथम बॅटरी काढावी. तरीही निर्धास्त राहू नये. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा दाब उरलेला असू शकतो. जाणकाराकडून तो उतरवून घेतल्याखेरीज आत बोट घालू नये आणि मुलांच्या हाती हे काम एकट्याने देऊ नये. स्क्रू कमीअधिक लांबीचे असतात, म्हणून कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटवावा. रिबन केबल ओढू नये. बहुधा तिच्या टोकाशी असलेली चिमुकली पट्टी नखाने उचलली की ती अलगद सुटते.

बिघाडाचा दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो काय? २००५ मध्ये सोनीने बनविलेले काही सीसीडी सेन्सर उष्ण व दमट हवेत निकामी होऊ शकतात, हे उघड झाले. तेव्हा केवळ सोनीलाच नव्हे, तर कॅनन, निकॉन, फुजी यांनाही अनेक मॉडेलांची विनामूल्य दुरुस्ती जाहीर करावी लागली. बाहेरची नावे निरनिराळी, आतला भाग एकाच उत्पादकाचा! मग सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकापासून दूर ठेवण्याचे प्रयोजन काय?

या प्रश्नाची दखल सरकारनेही घेतली आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. स्वागतार्हच पाऊल, परंतु पोर्टलवर माहिती मिळणे आणि सुटा भाग मिळण्याचा कायदेशीर हक्क असणे, यांत मोठे अंतर आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याविषयी निर्देश संमत केला. त्याच्या यादीत धुलाईयंत्रे, फ्रिज, मोबाइल आहेत, कॅमेरा नाही. आपल्या कायद्यात तरी ही उणीव राहू नये.

कायदा होईल तेव्हा होवो, घरी आरंभ करण्यास कोणाची आडकाठी आहे? खरेदीच्या वेळीच विचारावे : सुटे भाग मिळतील ना? किती वर्षे? जुना कॅमेरा भंगारात देण्यापूर्वी गल्लीतल्या कारागिराला दाखवावा, कारण काम मिळाले तरच त्याची विद्या टिकेल. आणि सुटीच्या दिवशी घरातील तरुण मुलामुलींना सोबत घेऊन एखादे बंद यंत्र अवश्य उघडावे. ते कदाचित सुरू होणार नाही. परंतु आत काय आहे, हे पाहण्याची भीती निश्चित जाईल. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचे धैर्यच नसेल, तर तिची मालकी केवळ पावतीपुरती उरते.