चहा झोप पळवतो, तोल नाही सांभाळत!

मराठी लिहायला बसले की माझा हात थरथरतो. कॉन्व्हेंटची ना मी! पण गोसीखुर्दच्या सर्व्हे कॅम्पमध्ये हात थरथरला, त्याला माझं मराठी जबाबदार नव्हतं. जबाबदार होते रात्रभरात ढोसलेले पाच कट चहा आणि दोन ग्लास कॉफी.

त्याचं झालं असं... शीट्स पूर्ण करायला आमचा ग्रुप रात्रभर जागला. सकाळी वैनगंगेवरचं ३३ दरवाज्यांचं ते धरण समोर, आणि आम्ही कालव्याच्या भरावावर लेव्हलिंग करतोय. मी स्टाफ धरून उभी. पार्टनर तिकडून ओरडतोय, "अगं, सरळ धर ना! डुलतेस काय?" मला तर वाटत होतं, मी एकदम फ्रेश! तेवढ्यात मागे सरकताना उतारावर पाय घसरला. मैत्रिणीने हात धरला म्हणून वाचले.

मग हे फ्रेश वाटणं काय होतं? आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन साठत जातं. 'आता झोप' हा निरोप तेच देतं. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. निरोप पोचत नाही, थकवा मात्र तिथेच असतो. तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि स्नायू-सांधे यांच्याकडून येणारी माहिती मेंदूला वेळेवर जुळवावी लागते. जागरणाने ही जुळणी ढिली पडते, शरीर जास्त डुलतं. थोड्या कॅफीनने तरतरी येते, हे खरं. पण जास्त झालं की बोटांना कंप सुटतो. शिवाय रात्री १२ला घेतलेल्यातलं साधारण निम्मं पहाटे ५लाही अंगात असतं!

तुम्ही म्हणाल, थोडं डुललं तर काय बिघडलं? हिशोब करा. ३ मीटरच्या रीडिंगला स्टाफ ३ अंश कलला, तर रीडिंग ४ मिलिमीटर जास्त येतं. आणि मोठ्या कालव्याचा उतार किलोमीटरमागे सेंटीमीटरमध्येच असतो.

चहा सोडा, असं मी म्हणत नाही. विदर्भात असं म्हटलं तर घरात कोण घेणार? माझं म्हणणं एवढंच, की चहाला झोपेच्या जागी बसवू नका.

उद्या आपण साइटवर इंजिनियर असू. रात्री काँक्रीटचं काम चालू असेल, क्रेनचा ऑपरेटर पेंगत असेल. तेव्हा "दादाला कडक चहा पाजा" म्हणणं फार सोपं असेल. पण दादाला हवा असेल बदली माणूस आणि चार तास झोप. हे त्या दिवशी आपल्याला सुचायला हवं असेल, तर सुरुवात आत्ताच, स्वतःपासून करू या. सबमिशन उशिरा गेलं तर मार्क जातील. तोल गेला तर?

बघा, पटतंय का!