प्रशिक्षण द्या, पण बापाचा धंदा विचारू नका!

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीचा मुहूर्त साधून, केंद्र सरकारने ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. योजना तेरा हजार कोटी रुपयांची. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, धोबी, टोपल्या-झाडू करणारे अशा एकूण १८ ‘कुटुंबाधारित पारंपरिक’ व्यवसायांसाठी. पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. अर्ज भरावा की नाही, असे समाजबांधव आम्हाला विचारतात. आमचे उत्तर सरळ आहे. जो आज त्या धंद्यावर पोट भरतो, त्याने जरूर भरावा. पैसा जनतेचा आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

परंतु अर्ज भरणे वेगळे आणि योजनेमागचा विचार मान्य करणे वेगळे. कुटुंबात चालत आलेले पारंपरिक कौशल्य आणि गुरु-शिष्य परंपरा बळकट करणे, हा या योजनेचा जाहीर उद्देश आहे. योजना कोणत्याही जातीच्या माणसाला खुली आहे, असे सरकार सांगते. कागदावर जातीचे नाव नाही, हे खरेच आहे. पण झाडू बांधणारे कुटुंब कोणते आणि कातडे शिवणारे कुटुंब कोणते, हे गावाला जातीचा दाखला न पाहताही ठाऊक असते. वयाची किमान अट आहे अठरा वर्षे. म्हणजे नुकताच बारावी झालेला आमचा मुलगा कॉलेजच्या दारात उभा असतानाच त्याच्या हातात बापाची रापी देण्याची सोय झाली!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेने तपासला आहे. उद्योग बदलतात, एक धंदा बुडतो, दुसरा उभा राहतो. माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक नसेल तर तो उपाशी राहतो. म्हणून जातीने ठरवून दिलेला व्यवसाय हे बेकारीचे एक थेट कारण आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. बेकारी हटवण्यासाठी काढलेली योजना माणसाला पुन्हा बापाच्याच धंद्याकडे नेत असेल, तर ती रोगावर औषध कशी ठरेल?

आम्ही कोल्हापूरकरांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. अस्पृश्य तरुणांना त्यांनी तलाठी केले, वकिलीच्या सनदा दिल्या. गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि तिथे स्वतः चहा घेतला. ज्या हाताचे पाणी चालत नव्हते, त्या हाताने चहा विकायचा! महाराजांनी माणसाला त्याच्या जातीला बंद असलेल्या धंद्यात नेऊन बसवले. रोजगारनिर्मितीचा शाहू मार्ग तो हाच.

आता प्रश्न संघराज्याचा. केंद्राची योजना आहे, राज्य काय करणार, असे आमचे पुढारी हात वर करून सांगतात. हे अज्ञान तरी आहे किंवा सोंग तरी. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत नोंद २३ मध्ये रोजगार व बेकारी, आणि नोंद २५ मध्ये कामगारांचे व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण आहे. म्हणजे दोन्ही विषयांवर राज्याला कायदा करता येतो. अनुच्छेद ७३ च्या परंतुकानुसार, संविधानात किंवा संसदेच्या कायद्यात स्पष्ट तरतूद नसेल, तर अशा विषयांत केंद्राचा कार्यकारी अधिकार राज्यात चालत नाही. अनुच्छेद २८२ खाली केंद्र पैसा देऊ शकते, पण राज्याला स्वतःची योजना आखण्यापासून रोखू शकत नाही. आयटीआय आणि रोजगार विनिमय केंद्रांचा दैनंदिन कारभार तर १ नोव्हेंबर १९५६ पासूनच राज्यांकडे आहे.

तामिळनाडूने हा अधिकार वापरून दाखवला. १९५३ साली राजाजींनी तिथे अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरच्या धंद्याला, अशी योजना आणली होती. पेरियारांच्या चळवळीने तिला ‘कुलशिक्षण’ म्हणून विरोध केला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. ती आठवण जिवंत असल्यामुळेच विश्वकर्मा योजनेत बदल करा, कुटुंबाच्या पारंपरिक धंद्याची अट काढा, किमान वय ३५ करा, अशी मागणी त्या राज्याने केली. ती मान्य न झाल्याने २७ नोव्हेंबर २०२४ रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी ही योजना आहे त्या स्वरूपात राबवणार नाही, असे केंद्राला कळवले. २०२५ मध्ये राज्याने जातीचे बंधन नसलेली स्वतःची कारागीर योजना सुरू केली. मग फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणारा महाराष्ट्र गप्प का?

आम्ही कारागिरीच्या विरोधात नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक मिळून भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशाच चपला मिलानमध्ये मिरवल्या आणि ओरड झाल्यावरच मूळ मान्य केले. चप्पल शिवण्यात आमचा कारागीर कुठेच कमी नाही. त्याला डिझाईन, निर्यात, हिशेब आणि कायदा शिकवा. आणि चप्पल शिवण्याचा वर्ग सर्व जातींच्या मुलांनी भरू द्या!

त्याचबरोबर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीचे दरवाजे आमच्या मुलांसाठी उघडले पाहिजेत. फौंड्रीमन, टर्नर, मशिनिस्ट या कामांची तिथे गरज असते. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ च्या कलम ३-अ प्रमाणे नेमून दिलेल्या प्रत्येक ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. खासगी कारखान्यालाही हे लागू आहे. चार किंवा अधिक राज्यांत पसरलेली आस्थापने सोडली, तर खासगी कारखान्यांत या कायद्याची अंमलबजावणी राज्य सरकारच्या हातात आहे. पण किती कार्यकर्त्यांना हे कलम माहीत आहे?

म्हणून प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात अर्ज टाकून तीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांतील राखीव शिकाऊ जागांचा आणि भरलेल्या जागांचा हिशेब मागावा. कुटुंबाचा धंदा न विचारणारी स्वतंत्र प्रशिक्षण योजना राज्याने आणावी, असे ठराव ग्रामसभांतून व्हावेत, आमदारांना निवेदने जावीत. हिशेब मिळाला नाही, जागा रिकाम्या दिसल्या, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसले आहे. अनुच्छेद २२६ खालील याचिका आता इथेच दाखल होऊ शकते. कागद तुम्ही जमवा, कोर्टाचे काम आम्ही वकील मंडळी करू. जयभीम!