माणशी किती?

पलूसच्या माणसानं समुद्रावर लिहू नये, असं आमच्या हिचं स्पष्ट मत आहे. "तुम्हाला पोहायला येत नाही, मासा खाल्ला की काटा अडकतो, आणि म्हणे होडीवर लेख!" हिचं म्हणणं अगदीच चूक नाही. आमच्या तालुक्यात कृष्णा आहे, ऊस आहे, द्राक्षं आहेत, कारखाने आहेत. एक समुद्र तेवढा राहून गेला. तो बघायचा तर कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट, कणकवली असं करीत मालवण गाठावं लागतं. पण मी म्हणतो, होडीचा विषय मुळात समुद्राचा नाहीच. तो हिशेबाचा विषय आहे. आणि हिशेबाला आमच्याकडचा माणूस कमी पडल्याचं ऐकिवात नाही. पडलाच, तर कुठे पडतो तेच सांगायला बसलोय.

आम्ही चौघं, साडूंकडचे चौघं आणि सासूबाई अशी नऊ माणसं दिवाळीनंतर मालवणला जायची ठरली. जायचं ठरायला पाच मिनिटं लागली, तिथं कुठल्या होडीत बसायचं हे ठरायला पंधरा दिवस. साडूंना गोव्यापर्यंत उतरून मांडवीतली संध्याकाळची बोट हवी होती, कारण तिच्यावर गाणी आणि नाच असतात. मुलांना डॉल्फिन हवे होते. मुलीला पाण्याखाली जाऊन प्रवाळ बघायचं होतं. सासूबाईंना सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या शिवराजेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं. हिला ज्यात मळमळत नाही असं काहीही चाललं असतं. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या क्रूझचाही विषय निघाला. पण नऊ माणसांचं भाडं ऐकल्यावर आमच्या द्राक्षबागेनं अंग चोरलं आणि विषय तिथंच मिटला.

या पंधरा दिवसांत आम्ही फोनवर निदान दहा होडीवाल्यांशी बोललो. प्रत्येकाला आमचा पहिला प्रश्न एकच, "माणशी किती?" दुसरा प्रश्न, "पॉइंट किती?" पॉइंट म्हणजे डॉल्फिन, कर्ली नदीचा संगम, भोगवे, त्सुनामी आयलंड वगैरे. एकजण पाच पॉइंट म्हणाला की साडू दुसऱ्याकडून सहा वदवून घेत, आणि सहावाल्याला सातवाल्याचा धाक दाखवीत. शेवटी सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त पॉइंट देणारा महात्मा सापडला. साडूंनी माणशी पन्नास रुपये आणखी कमी करून घेतले आणि मिशीवरून हात फिरवला. आम्ही त्यांचं कौतुक केलं. मीही केलं, हे आधीच कबूल करतो.

होडीशी पोचलो तेव्हा ती जवळजवळ भरलेली होती. आम्ही नऊजण चढलो. पाठोपाठ आणखी एक कुटुंब आलं. होडीवाला म्हणाला, "जरा सरकून घ्या." आणि आम्ही सरकलो.

इथं आमच्याकडच्या वडापबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. वडाप म्हणजे सांगली-साताऱ्याकडची प्रवाशांनी भरलेली जीप. भरलेली म्हणजे काय, याची व्याख्या अजून झालेली नाही. सोळावा माणूस आला तरी वडापवाला म्हणतो, "बसा की, रिकामीच हाय!" या विद्यापीठात आमचं सगळ्यांचं शिक्षण झालेलं. त्यामुळे सरकून घेणं हा आमच्या लेखी सद्गुण आहे. जो सरकत नाही तो माणूसघाणा.

पण वडापच्या खाली रस्ता असतो, होडीच्या खाली पाणी असतं. जीपमध्ये माणूस वाढला की टायर दबतात आणि आपली बरगडी दबते. होडीत माणूस वाढला की तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो. मी हात सोडला तेव्हा बोटं पाण्याला लागली. मुलांना याची फार मजा वाटली. मला वाटली नाही.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "डॉल्फिन! डावीकडे!"

मंडळी, तो डॉल्फिन मी पाहिलेला नाही. सगळी होडी उठून उभी राहिली आणि मोबाइल काढून डावीकडे धावली. तसा डावीकडचा काठही पाणी बघायला खाली गेला. उभ्या माणसाचं वजन वर जातं, धावल्यावर एका बाजूला जातं. त्या बाजूनं पाणी आत आलं की तेही शहाण्यासारखं मध्ये थांबत नाही, खोलगट बाजूलाच पळतं आणि होडी आणखी कलते. एवढं शास्त्र मला त्या अर्ध्या मिनिटात कोणी न शिकवता कळलं. लाइफ जॅकेटं होती म्हणता? होती की! मी स्वतः एकावर बसलो होतो. फळी टोचत होती म्हणून बऱ्याच जणांनी ती खाली घेतली होती. ज्यांनी घातली त्यांनी फोटोत साडी दिसावी म्हणून पट्टे मोकळे सोडलेले. डॉल्फिन बुडी मारून गेला, होडी सरळ झाली, आम्ही सातही पॉइंट बघून परत आलो. काही झालं नाही.

माझा राग आहे तो या 'काही झालं नाही'वर. काही झालं नाही म्हणून होडीवाला उद्या आणखी दोघे घेतो. काही झालं नाही म्हणून आपण घरी येऊन त्याचाच नंबर चारजणांना देतो. आणि होतं तेव्हा? २४ मे २०२२ला तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघे दगावले. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. त्या टकरीत प्रवाशांचा काय दोष? काहीच नाही. म्हणून तर जॅकेट अंगात हवं. दुसऱ्याची चूक आपल्याला आधी कळवून येत नसते. मुंबईतली जुनी माणसं अजून 'रामदास'चं नाव काढतात. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर जायला मालवणच्या धक्क्यावर उभे राहिलो. एक वयस्कर नावाडी माणसं मोजून घेत होता. आमच्यापर्यंत आल्यावर त्यानं हात आडवा धरला.

"सहा जण येवा. तीन जण मागच्या होडयेत."

साडू पुढे झाले. "अहो, आम्ही एकाच घरातले. पोरं लहान आहेत, मांडीवर घेतो."

"मांडयेर घेतलास तर वजन खय जातला?"

या प्रश्नाला साडूंजवळ उत्तर नव्हतं. तेव्हा त्यांनी पैसे पुढे केले. नावाड्यानं ते पाहिलेसुद्धा नाहीत. "जमाचा नाय," म्हणाला. साडूंचा आवाज चढला. एवढ्या लांबून आलोय, गिऱ्हाइकाशी अशी वागणूक, वगैरे. तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, गप ऱ्हावा जरा. ब्रह्मनाळ आठवतंय न्हवं?"

साडू गप्प झाले. मी तर आधीच गप्प होतो.

पलूस तालुक्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. ब्रह्मनाळ हे कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं आमच्या तालुक्यातलं गाव. २०१९च्या महापुरात त्याला पाण्यानं वेढा घातला. ८ ऑगस्टला माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि सतराजण गेले. बायका होत्या, लेकरं होती. होडीत माणसं जास्त झाली होती. पण मागं पाणी, पुढं पाणी, आणि समोर एकच होडी. त्या दिवशी तिथं कोणी 'माणशी किती' विचारलं नसेल. त्यांनी सरकून घेतलं ते काठावर आपलंच माणूस उभं होतं म्हणून. त्यांना दोष देणाऱ्याची जीभ झडो. दोष द्यायचा तर पूर येणार हे ठाऊक असून गावाजवळ पुरेशा होड्या आणि पुरेशी जॅकेटं न ठेवणाऱ्या व्यवस्थेला द्या.

पण आपलं काय? आपल्या मागे कुठला पूर लागलेला असतो? धक्क्यावर दहा होड्या, हातात पूर्ण दिवस, खिशात परतीची तिकिटं. ब्रह्मनाळच्या माणसांना जी निवड मिळाली नाही ती आपल्याला आयती मिळते, आणि आपण ती माणशी पन्नास रुपयांवर उधळतो. लाज वाटायला हवी. मला त्या धक्क्यावर वाटली.

कोणी म्हणेल, होडीवाल्याच्या पोटाचा विचार करा. केलाय. पावसाळ्यात त्याचा धंदा बंद. डिझेल, दुरुस्ती, खलाशाचा पगार उरलेल्या महिन्यांत काढायचा. आपण घासाघीस करून जे पन्नास वाचवतो ते तो कुठून भरून काढतो? आणखी माणसं घेऊन. म्हणजे साडूंनी वाचवलेले पैसे त्या दिवशी आमच्या शेजारीच बसले होते, सहकुटुंब. कोणी म्हणेल, हे बघणं सरकारचं काम. आहेच. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना असतो, त्यात किती माणसं न्यायची हे ठरलेलं असतं, आणि ते तपासायला माणूस धक्क्यावर हवा, कागदावर नव्हे. पण तो येईपर्यंत आपल्याला दहापर्यंत मोजायला कोणी बंदी केलेली नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी 'माणशी किती?' विचारायच्या आधी 'माणसं किती?' विचारा. परवान्यावरचा आकडा विचारा आणि चढल्यावर डोकी मोजा, पोरं धरून. जॅकेट बुडाखाली घेऊ नका, अंगात घाला, पट्टे आवळा; लहान मुलाच्या मापाचं नसेल तर उतरा. डॉल्फिन दिसला तर बसून बघा, तो काही लग्नातला नवरदेव नाही उभं राहून बघायला. पावसाळ्यात बंद असताना 'आतल्या आत नेतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. आणि जो नावाडी तुम्हाला 'नाही' म्हणतो, त्याच्याच होडीसाठी थांबा.

आम्ही थांबलो. सासूबाई, ही, मेव्हणी आणि तिघं पोरं पुढं गेली. साडू, मी आणि साडूंचा थोरला मागं राहिलो. अर्धा तास लागला. किल्ल्यात सासूबाईंनी शिवराजेश्वरापुढे हात जोडले, पोरांनी दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव बघितली, आणि भर समुद्रात विहिरीचं पाणी गोड कसं यावर साडूंनी सर्वांना व्याख्यान दिलं. म्हणजे ते पूर्ववत झाले होते. येताना मात्र होडीत चढल्या चढल्या ते पुटपुटत माणसं मोजत होते, हे मी पाहिलं.

पलूसला उतरल्यावर शेजारच्या आण्णांनी ओट्यावरूनच विचारलं, "काय, झाली का ट्रीप? माणशी किती पडलं?"

मी म्हटलं, "आण्णा, गेलो नऊ, आलो नऊ."

"ते झालं वो," आण्णा म्हणाले, "मी पैशाचं इचारतोय."